परत आत येता येईल का, तेवढं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आखाती देशांच्या नव्या संयुक्त पर्यटन व्हिसावरचा लेख वाचला. एकाच व्हिसावर शेजारशेजारचे चार-सहा देश फिरता येणं ही मोठीच सोय आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण अख्ख्या लेखात मी एक ओळ शोधत राहिले आणि ती काही सापडली नाही. त्या देशांच्या बाहेर पाऊल पडलं, तर त्याच व्हिसावर परत आत येता येतं का? म्हणून हे पत्र. लांबलं आहे, हवी तिथे कात्री लावा, फक्त प्रवेशसंख्येचा भाग तेवढा राहू द्या.

मी बरीच वर्षं एका प्रवासी कंपनीत व्हिसाच्या टेबलावर होते. सहली विकणारे वेगळे, माझ्याकडे यायच्या त्या फायली. फोटो मापात आहे का, बँकेचं स्टेटमेंट, विमा, कव्हरिंग लेटर, हॉटेलांची बुकिंग्ज, पासपोर्टात दोन पानं कोरी आहेत ना, हे सगळं तपासायचं आणि फाईल लावायची. व्हिसा होऊन पासपोर्ट परत आला की लोक आधी स्टिकरवरचा स्वतःचा फोटो बघतात, मग तारखा बघतात आणि खूश होऊन पासपोर्ट बॅगेत टाकतात. माझी नजर आधी जायची ती प्रवेशसंख्येच्या रकान्यावर. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या मिळून एका व्हिसाच्या, स्टिकरवर तिथे ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ (एकदा, दोनदा किंवा कितीही वेळा आत) असं छापलेलं असतं. सहल सुरळीत पार पडणार की कुठल्यातरी चौकीवर अडणार, हे पुष्कळदा तेवढ्यावरच कळतं.

आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण डिसेंबर २००८ पर्यंत स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये नव्हतं. नकाशा उघडून बघा. भोवती फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, हे सगळे शेंगेनमधले, आणि मधोमध स्वित्झर्लंड स्वतंत्र. युरोपची सहल तर स्वित्झर्लंडशिवाय विकलीच जात नाही. बस पॅरिसहून निघायची, जर्मनीत ब्लॅक फॉरेस्ट बघून स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइनच्या धबधब्यापाशी यायची, मग ल्युसर्न, बर्फाचा डोंगर, आणि खाली इटलीत उतरायची. प्रवाशाला वाटायचं आपण युरोपातच फिरतोय. कागदावर मात्र तो जर्मनीची हद्द सोडताना शेंगेनमधून बाहेर पडलेला असायचा आणि इटलीत शिरताना दुसऱ्यांदा आत यायचा. म्हणजे स्विस व्हिसा वेगळा, शिवाय शेंगेनचा किमान डबल एंट्री. वकिलातीने सिंगल एंट्री दिली की आमची धावपळ सुरू. एखाद्या कुटुंबात नवऱ्याला ०२ आणि बायकोला ०१ असं आलं, तर ल्युसर्नपर्यंत संसार एकत्र आणि पुढे? १२ डिसेंबर २००८ ला स्वित्झर्लंडच्या जमिनीवरच्या सीमांवरची पासपोर्ट तपासणी उठली, विमानतळांवरची मार्च २००९ मध्ये. पर्यटकांपैकी फार कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या टेबलावरचा अर्धा ताप मात्र त्या दिवशी गेला.

यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. संयुक्त व्हिसावर किती देश लिहिले आहेत याला महत्त्व आहेच, पण त्या देशांच्या मधे कोण बसलंय आणि त्याला ओलांडून परत येता येतं का, याला त्याहून जास्त आहे. जाहिरातीत देशांची यादी असते. मधला देश यादीत नसतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

लंडनचं उदाहरण घ्या. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, आजही नाही, त्याचा व्हिसा वेगळाच काढावा लागतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण सहल आखताना लोक पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम अशी माळ ओवतात, कारण रेल्वेने ते सोयीचं पडतं. शेंगेन सिंगल एंट्री असेल तर पॅरिसहून लंडनची गाडी पकडतानाच तुमची ती एक एंट्री संपली. अडवलं जातं ते ॲमस्टरडॅमला नव्हे, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच, कारण फ्रेंच पोलीस पासपोर्ट तिथेच तपासतात. एका निवृत्त जोडप्याचा असाच आराखडा भाच्याने मोठ्या हौसेने करून दिला होता. मी लंडन उचलून सुरुवातीला टाकलं, बाकी काहीही बदललं नाही. भाचा नाराज झाला, कारण त्याचं एक तिकीट स्वस्तात मिळालेलं होतं. पण वकिलात त्या दोघांना दोन एंट्रीच देईल, याची हमी तो देऊ शकत होता का? मीही देऊ शकत नव्हते.

अँडोराची तीच गत. फ्रान्स आणि स्पेनच्या बेचक्यात बसलेला हा चिमुकला देश. त्याचा स्वतःचा विमानतळ नाही, त्यामुळे जायचं तर फ्रान्समधून किंवा स्पेनमधूनच. अँडोरा शेंगेनमध्ये नाही. तिथे सकाळी खरेदीला जाऊन संध्याकाळी बार्सिलोनाला परतायचं म्हटलं तरी दुसरी एंट्री लागते.

क्रोएशियाची गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे उत्तर व्हिसाच्या नियमांत न शोधता सरळ पूल बांधला गेला. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला रस्त्याने जाताना वाटेत नेउम लागायचं. बोस्नियाच्या वाट्याला आलेली जेमतेम वीस किलोमीटरची ही किनारपट्टी क्रोएशियाचे दोन तुकडे करते. एकाच देशातल्या दोन शहरांत जायचं, तर देश सोडून पुन्हा देशात शिरायचं. जुलै २०२२ मध्ये नेउमला बाजूला ठेवून समुद्रावरून जाणारा पेल्येशाक पूल सुरू झाला, सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया शेंगेनमध्ये आला. पूल नसता तर सिंगल एंट्रीवाला पर्यटक स्प्लिट बघून नेउमला शेंगेनच्या बाहेर पडला असता आणि दुब्रोव्हनिक त्याला विमानाने किंवा बोटीनेच गाठावं लागलं असतं. तो पूल व्हिसासाठी बांधला असं मी म्हणणार नाही, पण कित्येकांच्या एंट्र्या त्याने वाचवल्या हे खरं.

शेंगेनचं कौतुक मी मोकळेपणाने करते. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर पाच देशांनी करारावर सह्या केल्या, आणि मधली चौकी प्रत्यक्षात उठायला २६ मार्च १९९५ उजाडलं. ही मधली दहा वर्षं गेली कशात? व्हिसाचा नमुना एकच कसा असावा, नको असलेल्या माणसांची यादी सगळ्यांना कशी दिसावी, बाहेरच्या सीमेवरचा पोलीस दुसऱ्या देशाच्या वतीने तपासणी करतोय यावर बाकीच्यांचा विश्वास कसा बसावा, असल्या रुक्ष कामांत. आज २९ देश त्यात आहेत. कुठल्याही दोन पर्यटनमंत्र्यांनी हातात हात घालून ‘आम्हीही शेंगेनसारखा व्हिसा आणतोय’ म्हटलं की मला ही दहा वर्षं आठवतात. स्टिकर छापायला आठवडा पुरतो. शेजाऱ्याने आत घेतलेल्या माणसाला आपणही न विचारता आत घ्यायचं, याला वेळ लागतो.

दिवस मोजण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर आपल्या लेखात दोन ओळी होत्या आणि त्या बरोबर होत्या. शेंगेनचे ९० दिवस दर देशामागे मिळत नाहीत, सगळ्या देशांत मिळून आणि कुठल्याही १८० दिवसांच्या मुदतीत मिळतात. आत आल्याचा दिवस मोजायचा, बाहेर पडल्याचाही मोजायचा. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांच्या करारातही ९० दिवस चौघांत मिळूनच आहेत, त्यामुळे तिथे शेजारी जाऊन शिक्का ताजा करून आणण्याची युक्ती चालत नाही. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकी नोंद सुरू केली आहे. पूर्वी पुसट शिक्का अधिकाऱ्याला वाचता यायचा नाही आणि एखादा दिवस इकडेतिकडे खपून जायचा. यंत्रापुढे ते चालणार नाही.

आता आफ्रिका. लेखात तिथल्या दोन्ही संयुक्त व्हिसांचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. मला तर प्रवेशाच्या प्रश्नाचा सगळ्यात शहाणा विचार तिथेच दिसतो, आणि सगळ्यात चमत्कारिकही तिथेच.

व्हिक्टोरिया धबधबा झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर आहे. रुंदी १,७०० मीटरच्या वर, उंची शंभर मीटरहून थोडी जास्त. बहुतेक देखावा समोरून दिसतो तो झिंबाब्वेच्या बाजूने. पाणी ओसरल्यावर धबधब्याच्या कड्यावर जाता येतं ते झांबियाच्या बाजूने. दोन्हींच्या मधे १९०५ साली बांधलेला पूल. (त्याचं उद्घाटन चार्ल्स डार्विनच्या मुलाने, प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांनी केलं होतं. विषयाशी संबंध नाही, पण कुणाला तरी सांगावंसं वाटतं.) एकच धबधबा दोन्ही बाजूंनी बघून मुक्कामाच्या हॉटेलवर परतायचं, एवढीच पर्यटकाची इच्छा. त्यासाठी पूर्वी एका देशाचा डबल एंट्री आणि दुसऱ्याचा सिंगल असा हिशेब करावा लागायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये या दोन देशांनी ‘काझा युनिव्हिसा’ आणला. ५० डॉलर, ३० दिवस, दोन्ही देशांत हवं तितक्या वेळा ये-जा. मधे तो बंद पडला आणि २०१६ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला.

पण मला जे शहाणपण वाटतं ते पुढे आहे. तिथे येणारा पर्यटक हमखास तिसऱ्या देशात, बोत्स्वानात, चोबे राष्ट्रीय उद्यानातले हत्ती बघायला जातो. सकाळी निघायचं, कझुंगुलाची सीमा ओलांडायची, दिवसभर नदीत होडीतून हत्ती बघायचे, संध्याकाळी परत. बोत्स्वाना या व्हिसात सामील नाही. तरीही नियम करणाऱ्यांनी लिहून ठेवलं की कझुंगुलामार्गे बोत्स्वानात दिवसभरासाठी जाऊन आलात तर व्हिसा शाबूत राहील, मात्र तिथे मुक्काम करायचा नाही. या नियमाला मी सलाम करते. नियम लिहिणाऱ्याने पर्यटक प्रत्यक्षात दिवसभर काय करतो हे बघितलेलं होतं. मात्र चोबेच्या एखाद्या लॉजमध्ये एक रात्र राहिलात की युनिव्हिसा संपला. ही ‘रात्र’ सहलीच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेली असते का हो? मी तरी पाहिलेली नाही.

केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा २०१४ चाच. १०० डॉलर, ९० दिवस, तिन्ही देशांत कितीही वेळा ये-जा. ज्या देशातून आधी शिरणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. गोरिला बघणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी. रवांडात गोरिलांच्या जंगलात जाण्याचा परवाना १,५०० डॉलरचा, युगांडात ८०० चा. युगांडाच्या बविंडी जंगलाचा दक्षिण भाग मात्र रवांडाच्या किगाली विमानतळाहून जवळ पडतो. म्हणून हुशार पर्यटक किगालीला उतरतो, रस्त्याने युगांडात जातो, गोरिला बघतो आणि परत किगालीहून उडतो. दोन देश, पण प्रवास एकच. संयुक्त व्हिसा असावा तर अशाच ठिकाणी.

आणि टांझानिया? तो यात नाही. नकाशावर केनियाचं मसाई मारा आणि टांझानियाचं सेरेंगेटी ही एकच सलग माळराने आहेत. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट दरवर्षी त्या सीमेवरून जातात आणि परत येतात. त्यांना बघायला गेलेल्या माणसाला मात्र मधली सँड रिव्हरची वाट वापरता येत नाही. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, टांझानियाने सीमा बंद केली. पुढे बाकीच्या चौक्या उघडल्या, पर्यटकांसाठी ही वाट मात्र उघडली नाही. त्यामुळे मारातून सेरेंगेटीत जायला पश्चिमेकडून इसेबानियाच्या चौकीचा वळसा घाला नाहीतर विमान पकडा. वळसा घालून जाल, टांझानियाचा व्हिसाही काढाल. पण त्या तीन देशांच्या बाहेर पडलात म्हणजे १०० डॉलरचा संयुक्त व्हिसा संपला. परत नैरोबीला येऊन गोरिलांकडे जायचा बेत असेल तर कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. मुख्य दाराची किल्ली हातात दिली, पण अंगणात पाय ठेवला की दार मागे आपोआप बंद होतं, अशातला हा प्रकार. उपाय एकच, टांझानिया सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटाला ठेवायचं. पण हे सांगणार कोण? विकणारा सांगत नाही, कारण त्याला मारा ते सेरेंगेटी हा सलग देखावा विकायचा असतो.

शिवाय शेजारी भांडले की व्हिसावरची अक्षरं पुसली जात नाहीत, पण चौकी बंद होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रवांडा आणि युगांडा यांचं बिनसलं आणि दोघांमधली गाटुनाची मुख्य चौकी बंद झाली, ती उघडली ३१ जानेवारी २०२२ ला. संयुक्त व्हिसा या सगळ्या काळात कागदावर जसाच्या तसा होता. थायलंड आणि कंबोडियाने डिसेंबर २०१२ मध्ये दोघांसाठी एक व्हिसा सुरू केला होता. २०२४ मध्ये थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान श्रेत्था थविसिन यांनी आग्नेय आशियातल्या सहा देशांसाठी एकच व्हिसा असावा, अशी कल्पना मांडली, त्या सहांत कंबोडियाही होता. २०२५ च्या जुलैत या दोघांच्या सैन्यांत सीमेवर लढाई झाली आणि त्यांच्यामधल्या जमिनीवरच्या चौक्या बंद पडल्या. मी अपशकुन करत नाहीये. इतकंच म्हणते की जमिनीवरून सीमा ओलांडायची असेल, तर परतीचा दुसरा मार्ग आणि त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

आता आपल्या लेखाचा मुख्य विषय, आखाती देशांचा व्हिसा. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहारीन आणि ओमान. नोव्हेंबर २०२३ मध्ये मस्कतच्या बैठकीत सहा देशांच्या गृहमंत्र्यांनी त्याला मंजुरी दिली, पुढच्या वर्षी त्याला ‘जीसीसी ग्रँड टूर्स’ असं भारदस्त नावही मिळालं. सहा देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला ओळखपत्र पुरतंच, आता पर्यटकांचीही सोय होईल अशी ही कल्पना. चांगलीच आहे. माझी उत्सुकता एवढीच की नियमांच्या पुस्तिकेत मुसंदमचं काय होतं.

मुसंदम हा ओमानचा उत्तरेचा तुकडा. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधून आत शिरलेल्या खाड्या, लाकडी बोटीत बसून डॉल्फिन बघायचे. जागा अप्रतिम. पण हा तुकडा उरलेल्या ओमानपासून तुटलेला आहे, मधे अमिरातीची जमीन. मस्कतहून मुसंदममधल्या खसबला गाडीने जायचं तर ओमान सोडा, अमिरातीत शिरा, अमिराती सोडा, पुन्हा ओमानमध्ये शिरा. परत येताना तेच उलट. आपल्याच देशातलं एक ठिकाण बघून यायला ओमानी माणूसही चार चौक्या ओलांडतो, आणि पर्यटकाच्या हातात सिंगल एंट्री असेल तर विमान किंवा फेरीबोट सोडून गत्यंतर नाही. त्याच वाटेवर मद्हा नावाचं ओमानचं एक बेट आहे, पाण्यातलं नव्हे, अमिरातीच्या जमिनीने वेढलेलं. त्याच्या पोटात पुन्हा नहवा हे अमिरातीचं गाव. तिथे मात्र चौकीच नाही. माणसांनी आखलेल्या रेषा कधी कधी माणसांनाच कंटाळतात.

मुसंदमला चार चौक्या ओलांडून जाऊन येणं नव्या व्हिसात एकच प्रवास धरला गेला, तर तो व्हिसा चांगला बांधलाय असं मी समजेन. त्यावर सहा झेंडे छापलेले नसले तरी मला चालेल.

कतारकडे बघा. त्याची जमिनीवरची सीमा फक्त सौदीशी आहे. जून २०१७ ते जानेवारी २०२१ ती बंद होती, कारण सौदी, अमिराती आणि बहारीन यांनी कतारशी संबंध तोडले होते. उलट २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कतारने प्रेक्षकांना दिलेलं ‘हय्या’ कार्ड दाखवून सौदीतही जाता येत होतं. म्हणजे ठरवलं तर जमतं. क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. २००७ च्या विश्वचषकासाठी वेस्ट इंडिजमधल्या दहा देशांनी मिळून एकच प्रवेशक्षेत्र आणि एकच व्हिसा केला होता, १०० डॉलरचा. एकदा एका बेटावर तपासणी झाली की पुढच्या बेटावर मोकळं. भारताचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला, आणि १५ मे २००७ ला स्पर्धेसाठी केलेली ती सगळी व्यवस्थाच गुंडाळली गेली. तिचं काय चुकलं यावर कुणीतरी सविस्तर लिहावं, मी वाचेन.

नकाराबद्दल लेखात एक शब्द नव्हता, म्हणून तेही लिहिते. वेगवेगळे व्हिसा असतात तेव्हा एका देशाने नाही म्हटलं तर तेवढा देश गाळून बाकीची सहल करता येते. संयुक्त व्हिसाचा अर्ज फेटाळला की सगळेच देश एकदम जातात, विमानाची तिकिटं जातात, आणि शेंगेनचे ९० युरोही परत मिळत नाहीत. नकाराची नोंद सगळ्या सदस्य देशांना दिसते. कायद्याने ती पुढची बंदी नव्हे, पुन्हा अर्ज करता येतो, पण पुढचा अधिकारी ती नोंद वाचूनच फाईल उघडतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम साधा आहे. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार तिथे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार तिथे. तरी ‘ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याचा फॉर्म भरा, हॉटेल दाखवून टाका’ असं सांगणारे कमी नव्हते. मी ते कधी केलं नाही. कुणाला त्याचा राग आला असेल तर येवो.

संपादक महाशय, आखाती व्हिसाची किंवा कुठल्याही संयुक्त व्हिसाची पुढची बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा: समूहाच्या बाहेर एक दिवस गेलं तर व्हिसा जिवंत राहतो का, आणि बाहेर एक रात्र काढली तर? मधला एखादा देश अचानक चौकी बंद करतो तेव्हा मुक्कामाची मुदत वाढवून कोण देतं, आणि त्यासाठी कुठल्या देशाच्या कार्यालयात जायचं? ही उत्तरं बातमीत नसली तर देशांची यादी छापून फारसा उपयोग नाही.

आमच्या टेबलावर मी प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमाच्या समासात पेन्सिलने लिहायचे: आत १, बाहेर, आत २. दिवसागणिक, गावापुढे. पुरवणीत तुम्ही सहलीचा रंगीत नकाशा छापताच. त्या बाणांशेजारी हे आकडे घालायला फार जागा लागणार नाही.

आपली,
एक वाचक
(निवृत्त व्हिसा कर्मचारी)